तीन दारांचा तात्या

तात्याला कुणी विचारलं, "तात्या, जेवलात का?" तर तो व्हयही म्हणायचा नाही आणि न्हाईही म्हणायचा नाही. मिशीवरनं बोट फिरवून म्हणायचा, "चर्चा चालू हाय." चहा घेणार का, तर "तत्त्वतः मान्य हाय." आणि चहा समोर आलाच, तर बशीकडं असा बघायचा की जणू तिच्यात एखादा मसुदा लिहिलाय आणि त्यातला एक शब्द अजून पटलेला नाही. एकदा बांधावर त्याच्या पायाशी नाग निघाला. मी ओरडलो. तात्या जागचा हलला नाही. "थांब," म्हणाला, "आधी त्याची भूमिका काय हाय ती बघू." माझ्या डोळ्यांदेखत त्या नागानं फणा खाली घेतला, थोडा विचार केला आणि आल्या वाटेनं निघून गेला. हे मी शपथेवर सांगतो. माझी शपथ वाडीत फारशी चालत नाही, तो भाग वेगळा.

आमची वाडी कडेगावापासून फटफटीवर एक विडी ओढून होईपर्यंतच्या अंतरावर. तात्या तिथला, मूळचा फौजी. पण बंदुकीपेक्षा त्याचा हात झाऱ्यावर जास्त बसलेला. सगळी उमेद पलटणीच्या लंगरात गेली. पेन्शनीत आल्यावर आमच्याकडची माणसं म्हशी घेतात, नाही तर निवडणुकीला उभी राहतात. तात्यानं सांगलीतला एक एजंट गाठला आणि थेट परदेशात, गॅसच्या विहिरींवरच्या एका कॅम्पात, मेसचा हेड कुक म्हणून रुजू झाला. देश कुठला, यावर वाडीत अजून एकमत नाही. नावाच्या शेवटी 'स्तान' होतं, एवढं पोराटोरांना पाठ आहे. सुरुवातीला काय होतं, ते तात्या दर खेपेला वेगळं सांगायचा. हटकलं तर म्हणायचा, "सरहद्दीवर होतो रं. नाष्टा एका देशात, जेवान दुसऱ्यात."

परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मेंढीच्या कातड्याची, बाहेरनं केस असलेली, घागरीएवढी टोपी होती. ती त्यानं ऐन मे महिन्यातही उतरवली नाही. पहिल्याच आठवड्यात माळावरनं चाललेला असताना धनगराच्या कुत्र्यानं त्याला कळपातलं चुकलेलं जनावर समजून हाकत हाकत पार खालच्या ओढ्यापर्यंत नेलं, आणि तात्या निमूट गेला. का गेलास, म्हणून विचारलं. म्हणाला, "मोठ्या ताकदीबरोबर लहानानं चार पावलं चालायला लागतं. ओढ्यावर मग आमचं बोलणं झालं."

आल्या आल्या त्यानं घराला तिसरं दार पाडलं. पुढचं दार होतंच, परसाकडं एक होतं. त्यानं कुदळ घेऊन शेताकडची भिंत फोडली. "ज्याच्याकडं माल हाय, त्यानं एकच दार ठेवलं की मेला," हे त्याचं ब्रह्मवाक्य. ते तो स्तानातनं शिकून आला होता. तिथं म्हणे जमिनीखाली गॅसच गॅस. पण नळ एकाच शेजाऱ्याच्या अंगणातनं जायचा. शेजारी म्हणंल तो भाव. मग त्यांनी पूर्वेला चीनकडं दुसरा नळ टाकला. दक्षिणेला तिसरा टाकायची बोलणी सुरू. समुद्रापलीकडनं युरोप हात पुसत उभा, आणि अमेरिका वरनं बघतीय. "तीन दारं गड्या. तिघांस्नी हसायचं, तिघांस्नी जेवायला घालायचं, आणि सही करताना पेनातली शाई संपवायची."

हे आम्हाला नीट समजावं म्हणून त्यानं एका रविवारी ठिबकच्या जुन्या नळ्या आणून अंगणात सगळा नकाशा मांडला. गुरांचा गोठा म्हणजे रशिया. पाण्याची टाकी चीन. तुळशीकट्ट्याच्या मागं इराण, आणि कपडे धुवायच्या दगडावर युरोप. आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो, एवढ्यात शालनकाकी, म्हणजे त्याची बायको, धारेची चरवी घेऊन आली, चीनच्या नळीत पाय अडकून रशियात पडली. नळ्या सगळ्या एकात एक गुंतल्या. तात्या दिवस मावळेपर्यंत त्या सोडवत बसला. कुठली नळी कुणाची, हे शेवटी त्यालाही सांगता येईना. तो म्हणाला, "आता कसं, तिकडच्यासारखं झालं बघ." मी तेव्हापासून तेलाच्या राजकारणावरच्या बातम्या ऐकतो आणि डोळ्यांपुढं काकीच येते.

त्याची सगळ्यात मोठी बढाई आमटीची. पुरणाच्या कटाची, आपली येळवणीची आमटी. कॅम्पात एकदा तीन देशांची शिष्टमंडळं आली होती. करार अडला होता. कुणी कुणाकडं बघेना. तात्यानं काय केलं, तर तिघांना एका ओळीत बसवलं आणि आमटी वाढली. "तिखट सगळ्यांना सारखं. एकाला कमी, एकाला जास्त केलं की लढाई लागती, हे ध्यानात ठेव." पहिला घोट घेतल्यावर एका मंत्र्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्याला वाटलं, गडी भावनेनं भरून आला. त्याचंही मन वितळलं. तिसऱ्याला ठसका लागला, तो मान हलवायला लागला. त्याला होकार धरण्यात आलं. अन् त्या आमटीवर निम्म्या खंडाचा गॅस सुटला. मी विचारलं, "तात्या, हे पेपरात कसं आलं न्हाई?" तर म्हणाला, "आमटीचं पेपरात येत नसतं. आमटी पोटात जाती."

आता खरी गोष्ट. वाडीच्या मागं माळपट्टी म्हणून उसाचा एक लांबट तुकडा आहे. आम्हा सगळ्यांची रानं तिथं एकाला एक चिकटून. आत शिरायला बैलगाडीच्या काळातली एकच वाट, आणि वाटेच्या तोंडाशी तात्याचं घर आणि तात्याचं रान. त्या साली लांब कुठंतरी दोन देशांची जुंपली, समुद्रातली एक चिंचोळी वाट बंद पडणार म्हणून टीव्हीवाले घसा फोडायला लागले. तेल महाग होणार, म्हणून पेट्रोलात इथेनॉल घालायचं, म्हणून उसाला मागणी. आमच्या भागातल्या कारखान्यांनी इथेनॉलची मोठमोठी भांडी उभी केली आणि त्यांच्या शेतकी खात्याची माणसं मोटरसायकलवरनं बांधाबांधानं फिरायला लागली. तात्यानं माळपट्टीकडं हात केला. "हे काय हाय?"

"ऊस," आम्ही म्हणालो.

"न्हाई. हे उभं तेल हाय. आन् तुमी एकाच कारखान्याच्या दाराला जाऊन बसताय."

तो असं बोलला की आम्हाला आमच्याच उसाची भीती वाटायला लागली. माळपट्टीतल्या सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, यंदा बोलणी तात्या करणार. माझ्याकडं मोटरसायकल होती म्हणून माझी नेमणूक त्याचा सचिव म्हणून झाली. माझाही सव्वा एकर त्यात होता.

आमच्याकडं ऊस एका कारखान्याला नोंदवायचा, ही रीत. काही हुशार माणसं गुपचूप दोनांना नोंदवतात. तात्यानं तिघांना नोंदवला. एक जवळचा, एक कृष्णेपलीकडचा, आणि तिसरा थेट फलटणच्या अंगाचा. एवढ्या लांबनं ऊस न्यायला ते काय खुळे होते? तर त्या साली सगळेच खुळे होते. प्रत्येक कारखान्याच्या गट ऑफिसात तात्या टोपी घालून जायचा, चहा 'तत्त्वतः' घ्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, आमचं पहिलं पाऊल तुमच्याच दारात." बाहेर आल्यावर मी म्हणायचो, "तात्या, हे तिसरं पहिलं पाऊल झालं." तो म्हणायचा, "पाय बदलून टाकतोय ना."

भेट द्यायची म्हणून आम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो. तात्यानं तास दोन तास हळदीचा वास घेत आणि अडत्यांशी जागतिक परिस्थितीवर बोलत घालवले, आणि शेवटी गुळाच्या तीन ढेपा घेतल्या. साखर कारखान्याच्या माणसाला गूळ. मी सांगून बघितलं. त्यानं ऐकलं नाही. जवळच्या कारखान्याचे शेतकी साहेब ती ढेप बघून पांढरे पडले. त्यांना वाटलं, माळपट्टीवाले ऊस गुऱ्हाळाला घालणार, ही धमकी आहे. त्यांनी आम्हाला उसाचा रस, भेळ आणि एक कॅलेंडर दिलं आणि गेटपर्यंत सोडायला आले. तात्या मोटरसायकलवर मागं बसून म्हणाला, "बघितलंस सचिव? दबाव." तो दबाव त्यानं मुद्दाम टाकला होता की चुकून पडला होता, हे मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली. तोडणीच्या टोळ्या आल्या, त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, शेजारच्या शिवारात कोयता चालला. माळपट्टीत कुणी फिरकेना. तात्या रोज ओसरीवर टोपी घालून बसायचा. जवळच्या कारखान्याचा माणूस वाटेनं जाताना हात करायचा, "तुमचं काय तात्या, तुमचं नदीपलीकडं जमलंय." नदीपलीकडचा म्हणायचा, "तुमाला फलटणवाले नेणार म्हणं." फलटणवाल्याचा फोन लागायचा तेव्हा तो म्हणायचा, "जवळचा सोडून आमच्याकडं कशाला येताय?" संक्रांत गेली. उसाला तुरा फुटला. लांबनं माळपट्टी पांढरी, सुरेख दिसायची. ज्यानं ऊस लावलाय त्याला ते सौंदर्य बघवत नाही, कारण तुरा आला म्हणजे आतून ऊस पोकळ व्हायला लागला. पुढं ऊन चढणार, मार्चात कारखान्यांचा पट्टा पडणार, गाळप थांबणार, आणि आमचं वर्षाचं सगळं उभ्या उभ्या वाळणार.

श्रीपती आण्णा हे तात्याचे बालमित्र आणि बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांचं सगळं रान माळपट्टीतच. दुसरीकडं वावभर जमीन नाही. एका सकाळी ते ओसरीवर आले, बसले नाहीत.

"तात्या, मला रशिया-बिशिया कळत न्हाई. कोयता कवा लागणार, एवढं सांग."

"आण्णा, चर्चा—"

"तो शब्द पुन्यांदा काढलास तर टोपी चुलीत घालीन. तुझ्या शब्दावर थांबलोय आमी सगळी. बायकू घरात बोलत न्हाई माझ्याशी."

"लय चांगलं हाय की मग."

"हसू नगंस तात्या."

तात्या हसत नव्हता. काकी आतून बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "आवं, तीन दारं ठिवलीसा. तिन्ही पावण्यांस्नी वाटतंय, दुसऱ्या दारानं कोणतरी आत गेलंय. मग येणार कोण?" इतक्या वर्षांत जगातलं तेलाचं राजकारण मला कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं, आणि तरी ते पुरतं कळलं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी मी तात्याबरोबर बांधावर बसलो होतो. मी विचारलं, "तात्या, तिथं शेवटी काय झालं? त्या स्तानाचं? तीन नळांचं?"

त्यानं मग टोपी काढली. टोपीशिवाय तो एवढा लहान दिसला की क्षणभर मी दुसऱ्याच कुणाच्या शेजारी बसलोय असं वाटलं. "मी स्वयंपाकघरात होतो रं," तो म्हणाला. "मधी भिंत होती. आत काय बोलत्यात, ऐकू यायचं न्हाई. आलं तरी भाषा कुठं येत हुती? भांडी रिकामी माघारी आली की समजायचं, जमलं. भरलेली आली की समजायचं, बिनसलं. बाकी सगळं मी इथं आल्यावर जुळीवलं."

"मग आमटी?"

"आमटी खरी हाय," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "ती भरलेली माघारी आली."

दुसऱ्या दिवसापासून तात्या आपल्या रानात कडेकडेनं पाचट ओढायला लागला. आण्णांच्या बांधाच्या बाजूनं त्यानं पुरुषभर रुंदीचा पट्टा साफ केला, वाळकं पान ठेवलं नाही. मग तिथं पाणी सोडलं, बांध पाक भिजवला. मी विचारलं, "तोडायला आलेल्या उसाला आता पाणी?" तर म्हणाला, "वाटाघाटीत जमीन वली लागती." मला वाटलं, गडी बिथरला. काकीलाही तसंच वाटलं असावं. ती त्याला दुपारी दही-भात द्यायला लागली.

गुरुवारी दुपारी तात्याचा ऊस पेटला. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. सगळ्या सांगली जिल्ह्यातली ढोल-ताशा पथकं एकदम आपल्या अंगणात उतरावीत तसा. ज्वाळा इतक्या उंच गेल्या की वरनं चाललेल्या विमानानं, मी तर म्हणतो, वाट बदलली. आम्ही बादल्या घेऊन धावलो. पण आग तात्याच्या चार बांधांच्या आत शहाण्या बैलासारखी फिरली आणि जागच्या जागी बसली. आण्णांच्या एका कांड्याला झळ लागली नाही. तात्या वाऱ्याच्या उलट बाजूला उभा होता, भुवया जळलेल्या, हातात मोबाइल. त्यानं तिन्ही कारखान्यांना फोन लावले आणि माझ्या ओळखीत पहिल्यांदा एका दमात, सरळ बोलला. "ऊस जळालाय. या. दुसरं कुणी येत न्हाई."

जळका ऊस थांबत नाही. दोन दिवसांत रस बिघडतो. म्हणून कारखाना तो आधी उचलतो आणि भावात कपात करतो. ती कपात तात्याच्या एकट्याच्या उसावर बसणार होती. जवळच्या कारखान्याचे तेच शेतकी साहेब दिवस मावळायच्या आत आले. त्यांनी काळं झालेलं रान बघितलं, भिजलेला बांध बघितला, पाचट काढलेला पट्टा बघितला.

"आग कशानं लागली?"

"शॉर्टसर्किट," तात्या म्हणाला.

साहेबांनी रानावरनं गेलेल्या तारांकडं मान वर करून बघितलं. सकाळपासून आमच्या फीडरला लाइट नव्हती. वाडीतल्या पिठाच्या गिरणीपुढं डब्यांची ओळ लागली होती, ती साहेबांना येताना दिसलीच असणार. ते आण्णांकडं वळले. "व्हय का हो?"

आण्णांनी तात्याच्या भुवयांकडं बघितलं. "शॉर्टसर्किट," ते म्हणाले. मग मी म्हणालो. मग काकी. मग सगळी माळपट्टी एकेक करून म्हणाली. आमच्या वाडीचं एका शब्दावर एकमत झालेलं मी तेवढं एकदाच बघितलं. साहेब म्हणाले, "लय स्ट्राँग करंट दिसतोय," आणि टोळीला फोन लावला.

तात्याचं रान मोकळं झालं तशी पुढची गंमत आमच्या लक्षात आली. त्या चिंचोळ्या वाटेत ट्रॅक्टरला दोन ट्रेलर घेऊन वळायला जागा नव्हती; आता तात्याचं काळं रान म्हणजे ऐसपैस वळण झालं. टोळी तशीच आत शिरली, आण्णांच्या उसात. माळपट्टीत जवळचा घुसला, ही बातमी नदीपलीकडं गेली. त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांची टोळी हजर. फलटणवाले तर ट्रक घेऊन आले. एकाच माळावर तीन कारखान्यांच्या टोळ्या, तीन मुकादम, एकमेकांकडं डोळे वटारून बघताहेत आणि चुरशीनं कोयता चालवताहेत, असं दृश्य आमच्या भागात पुन्हा दिसलं नाही. आणि मधे, जळलेल्या रानात, तीन दगडांवर पातेलं चढवून, डोक्यावर मेंढीची टोपी घातलेला तात्या. सगळ्या टोळ्यांना त्यानं एका ओळीत बसवलं.

"तिखट सगळ्यांना सारखं वाढ सचिव," तो मला म्हणाला. तो वाढायला काही आला नाही. खरकटी भांडी काकी विसळत होती तिथं जाऊन, एकेक उचलून आत बघत बसला.

तर तात्याची तीन दारं बरोबर ठरली की चुकली? मी पुष्कळ विचार केला. तिघांना नोंदवलं म्हणून कुणी येईना. आणि तिघांना नोंदवलं होतं म्हणूनच तिघं आले. काकीला विचारलं तर म्हणाली, "माझा ऊस जळला, एवढं मला ठावं हाय." तात्याला विचारलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दोन पावसाळ्यांनी तात्या गेला. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, बरं वाटतंय का?" तर म्हणाला, "तत्त्वतः." घरी आणलं, आणि सकाळी चहा समोर ठेवलेला तसाच राहिला.

उचलायच्या वेळी भावकीत वाद झाला, कुठल्या दारानं न्यायचं. थोरले म्हणाले पुढच्या, कुणी म्हणालं परसातल्या. काकी उंबऱ्यावर बसली होती, तिथनं उठली. पुढच्या दाराला आतून कडी घातली. परसातल्या दाराला घातली. "शेताकडच्या," एवढंच म्हणाली.

शेताकडचं दार उघडलं तर समोर ऊस. जळलेल्या बुडख्यांतनं तात्याचा खोडवा असा काही माजला होता की बांध दिसेना. या बाजूला तो, त्या बाजूला आण्णांचा ऊस, आणि मधनं एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. चौघांना खांदा देऊन निघायला जागा नाही. सगळे थबकले. कुणीतरी म्हणालं, परसानं जाऊ. आण्णा घरात गेले, काकीच्या चुलीमागचा कोयता घेऊन आले आणि आपल्याच उसाच्या बांधालगतच्या दोन सऱ्या, कवळा, हिरवा, तोडणीला अजून चार महिने असलेला ऊस, बुडातनं तोडत पुढं चालले. मागनं आम्ही.

परतताना कारखान्याच्या उसाच्या नोंदी ठेवणारा, नव्यानं आलेला एक स्लिपबॉय बांधावर भेटला. त्याला वाडीतलं काही माहीत नव्हतं. पडलेला ऊस बघून म्हणाला, "आण्णा, ह्यो आमच्याकडं नोंद असलेला ऊस. मुदतीआधी तोडला? कुणाला घालताय?"

आण्णांनी कोयत्याचं पातं धोतराला पुसलं.

"चर्चा चालू हाय," ते म्हणाले.